ओसरीवरचा रेडिओ आणि व्याह्यांची मतं

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. सध्या ते बॉस्टनजवळ मुलीकडे मुक्कामाला आहेत. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"मी बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. मे महिन्यापासून आम्ही उभयता मुलीकडे आलो आहोत. जावई अमेरिकन, स्वभावाने लाख माणूस. अडचण आहे ती व्याह्यांची. वय 71, जन्मभर वायरमनचं काम केलेलं आणि रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे परमभक्त. दर रविवारी ते मागच्या ओसरीवर रेडिओवर सामना लावतात आणि मला शेजारच्या खुर्चीत बसवतात. मग जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत सुरू. पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळ बसवून खेळाचा जीव घेतला. हल्लीचे सिनेमे बघवत नाहीत. राजकारणी सगळे एका माळेचे मणी. खेळाडूंनी खेळावं, राजकारणावर तोंड उघडू नये. मी मान हलवत राहतो. एकदा म्हणाले, देशात बाहेरून येणाऱ्यांची फार गर्दी झाली. तेव्हाही मी गप्प राहिलो, पण ते वाक्य अजून मनातून जात नाही. तीन रविवारपूर्वी म्हणाले, पाच दिवस खेळून बरोबरीत सुटतो तो कसला खेळ? मी विजय हजाऱ्यांच्या गावचा माणूस. उठून आत गेलो. त्यानंतर दोन रविवार डोकं दुखतंय म्हणून गेलोच नाही. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही फार मनाला लावून घेता. मुलीकडच्यांनी पडतं घ्यावं हे मला कळतं, पण किती? अजून अडीच महिने काढायचे आहेत. या माणसाशी बोलायचं तरी काय? — स. दे."

आदरणीय स. दे.,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना दोन वाक्यांखाली रेघ मारली, एक क्रिकेटचं आणि एक बाहेरून येणाऱ्यांचं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्या वाक्यावर तुम्ही उठून गेलात, तिथे बसून राहायला हवं होतं. आणि ज्या वाक्यावर गप्प राहिलात, तिथे बोलायला हवं होतं. दोन्ही अजून दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि अडीच महिने त्याला भरपूर झाले.

मी वूस्टरला सहा वर्षं राहिले आहे, म्हणजे तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्या राहायच्या. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी त्यांच्या उघड्या खिडकीतून जो कॅस्टिग्लिओनी यांचा आवाज यायचा. 1983 पासून 2024 पर्यंत रेड सॉक्सचं रेडिओ समालोचन त्यांनी केलं. आपल्याकडे बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत बायका भाजी निवडायच्या आणि पुरुष दाढी करायचे, तसाच तो आवाज त्या गल्लीत घरोघरी असायचा. बाईंनी मला खेळ शिकवला, आणि खेळाबरोबर हेही शिकवलं की बेसबॉल ऐकणाऱ्या माणसाचं बोलणं कसं ऐकायचं असतं.

मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. जवळजवळ रोज सामना. त्यात चेंडू हवेत असण्याचा वेळ फार थोडा. पिचर चेंडू बोटांत घोळवतो, कॅचर खुणा करतो, बॅटर हातमोजे आवळतो, अंपायर वाकतो. मग एक चेंडू. मग पुन्हा तेच सगळं. या मधल्या वेळात शेजारच्याशी बोलायचं नाही तर करायचं काय? बापलेक, शेजारी, एका पाळीतले कामगार इथे पिढ्यान्‌पिढ्या याच मधल्या वेळात एकमेकांशी बोलत आले आहेत. विषय कुठूनही येतो. पिचरच्या खांद्यावरून गॅसच्या दरावर, तिथून काल पाहिलेल्या सिनेमावर, तिथून गव्हर्नरवर. तेवढ्यात कोणी चेंडू भिंतीपार मारला की गव्हर्नर सुटतो.

अशा वेळी निघालेलं मत हे कट्ट्यावरचं मत असतं. सांगलीतही घाटावर संध्याकाळी चार माणसं जमली की महानगरपालिकेपासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांचा निकाल अर्ध्या तासात लागतो, आणि त्याची कोणी प्रत मागत नाही. तुम्ही मात्र जन्मभर अशा ठिकाणी काम केलंत जिथे प्रत्येक आकड्याखाली सही लागते. बोललेला शब्द म्हणजे नोंद, ही तुमची सवय. व्याह्यांचं प्रत्येक वाक्य तुम्ही खात्यावर चढवत गेलात आणि तीन महिन्यांत शिल्लक फार जड झाली. एक करून पाहा. तिसऱ्या इनिंगला, म्हणजे डावाला, मॅनेजरला घरी पाठवा म्हणणारे तुमचे व्याही आठव्या इनिंगला त्याच मॅनेजरबद्दल काय म्हणतात, ते लक्ष देऊन ऐका. पुढच्या रविवारी त्यांना आपलं मागचं मत आठवतं का, तेही पाहा. जे मत दर रविवारी तसंच्या तसं परत येतं, तेवढंच त्यांचं खरं मत. बाकीचं चेंडूंच्या मधलं बोलणं.

पिचरच्या घड्याळाबद्दलचं मत मात्र खरं असणार, याची मला खात्री आहे. 2023 पासून हा नियम आला. बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या थांब्यावर, कोणी नसेल तर पिचरने 15 सेकंदांत चेंडू टाकायचा. बेसवर खेळाडू असेल तर पहिल्या वर्षी 20 सेकंद होते, पुढच्या वर्षी 18 झाले. 2022 मध्ये नऊ इनिंगच्या सामन्याला सरासरी 3 तास 4 मिनिटं लागत, ती वर्षभरात 2 तास 40 मिनिटांवर आली. मला स्वतःला हा बदल आवडला, कारण दुसऱ्या दिवशी शाळा असलेली मुलं आता शेवटची इनिंग बघून झोपू शकतात. तुमच्या व्याह्यांना तो आवडलेला नाही, कारण त्यांच्यासाठी तो मधला वेळ हाच खेळ होता. आणि तुम्ही? वीस षटकांच्या क्रिकेटबद्दल तुमच्या मनात काय आहे, ते तुमच्या पत्रात न लिहिताही दिसतं. तुम्ही दोघं एकाच बाजूचे आहात हो! ज्या माणसाला खेळातली संथपणाची जागा हिरावल्याचं दुःख आहे, त्यालाच तुम्ही कसोटी क्रिकेट समजावून सांगायचं आहे. पाच दिवसांचा सामना त्याच्याइतका कोणाला समजेल?

म्हणून क्रिकेटवरचा त्यांचा टोला तुम्ही अपमान मानू नये. बॉस्टनमध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या, म्हणजे रेड सॉक्सच्या हाडवैरी संघाच्या, चाहत्याला घरात घेतात, जेवायला वाढतात आणि जेवताना त्याच्या संघाची यथेच्छ निंदा करतात. त्याने उलट निंदा करावी अशी त्यांची अपेक्षाच असते. तो गप्प बसला तर यजमानांना चुकल्यासारखं वाटतं. व्याह्यांनी तुमच्याकडे चेंडू टाकला होता, आणि तुम्ही बॅट खाली ठेवून तंबूत परतलात.

त्यांना हजाऱ्यांबद्दल सांगा. 1948 च्या जानेवारीत ॲडलेडला, ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियासमोर, एकाच कसोटीत 116 आणि 145. भारत तो सामना डावाने हरला, तरी सांगलीतली पोरं ती दोन शतकं पाठ म्हणत मोठी झाली. तुम्हीही तुमच्या वडिलांकडून ऐकलं असेल. व्याह्यांना हे फोड करून सांगावं लागणार नाही, कारण त्यांच्याकडे रेड सॉक्सचा टेड विल्यम्स आहे. 1941 च्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी विल्यम्सची सरासरी अशी होती की तो न खेळता बाकावर बसला असता तरी ती .400, म्हणजे दहा संधींत चार यशस्वी फटके (हिट), धरली गेली असती. विश्रांती घे असं मॅनेजरने सुचवलंही होतं. तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठ वेळांपैकी सहा वेळा हिट मारली आणि .406 वर मोसम संपवला. त्यानंतर रेड सॉक्सच्या अमेरिकन लीगमध्ये आजवर कोणाला .400 गाठता आलेलं नाही. त्या वर्षी विजेतेपद मात्र यँकीजला गेलं. हजारेंचा जन्म 1915 चा, विल्यम्सचा 1918 चा. हरणाऱ्या संघात एकट्याने उभं राहणं म्हणजे काय, हे तुम्हा दोघांनाही तुमच्या वडिलधाऱ्यांनी सांगितलेलं आहे.

आणखी एक गोष्ट सांगा, ती त्यांना बहुधा माहीत नसेल. बेसबॉलच्या सामन्याचा सगळा हिशोब एका चौकटीत मांडणारा तक्ता ज्याने रूढ केला, तो हेन्री चॅडविक इंग्लंडमध्ये जन्मलेला होता, आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या देता देता बेसबॉलकडे वळला होता. 2024 च्या 6 जूनला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, ते डॅलसजवळचं ग्रँड प्रेअरी मैदानही आधी बेसबॉलचं होतं. ती ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने, जो एरवी सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करतो. व्याह्यांना म्हणावं, तुमच्याच मैदानावर तुमच्याच देशासाठी आमच्या पोराने सामना काढून दिला. बघा काय म्हणतात.

सिनेमांचा विषय मी लांबवत नाही. एकाहत्तराव्या वर्षी हल्लीचे सिनेमे न आवडणं हे बॉस्टनमध्ये आणि सांगलीत सारखंच. पण करमणुकीच्या धंद्यावरून बोलणं निघालं की रेड सॉक्सचा जुना चाहता हॅरी फ्रेझीवर येतोच, आणि तिथे तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे. फ्रेझी हे संघाचे मालक, मूळचे नाटकवाले. 1919 च्या डिसेंबरात त्यांनी संघाचा हुकमी खेळाडू बेब रूथ याला 1 लाख डॉलरला यँकीजच्या हवाली केलं. एका संगीतिकेला पैसा उभा करायला त्यांनी रूथ विकला, असं बॉस्टनमध्ये आजोबा नातवाला सांगत आले. तारखा तपासल्या तर ती संगीतिका न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 1925 मध्ये आली, त्यामुळे गोष्ट सांगतात तितकी सरळ नाही. पण नाटकापायी कर्ज म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गंधर्व नाटक मंडळीचे शालू, अत्तरं आणि डोक्यावरची देणी यांच्या कथा तुम्ही लहानपणापासून ऐकल्या असतील. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग तुमच्याच गावात केला. रेड सॉक्सचं मैदान फेनवे पार्क बांधलं गेलं 1912 मध्ये, आणि बॉस्टनवाले त्याच्या जुनेपणाचा केवढा अभिमान बाळगतात! तुमच्या गावचा अभिमान त्याहून एकोणसत्तर वर्षांनी जुना आहे. तो त्या ओसरीवर अजून एकदाही बाहेर आलेला नाही, याचं मला वाईट वाटलं.

आता राजकारण. इथे थोडं थांबू या.

'सगळे एका माळेचे मणी' हे वाक्य सोडून द्या. ते जगभर बोललं जातं आणि त्यातून भांडणाशिवाय काही निघत नाही. तिथल्या निवडणुकांवर मत देण्याचा तुमच्यावर आग्रह झाला तर तुम्ही पाहिलेल्या निवडणुका सांगा. सहकारी साखर कारखान्याची निवडणूक, पॅनल, ठरावाच्या आदल्या रात्री फिरणाऱ्या जीपगाड्या. वायरमनचं काम केलेला माणूस संघटना, मतदान, नेतेमंडळी यांतलं बरंच पाहून असतो. तो कान देऊन ऐकेल.

'खेळाडूंनी तोंड उघडू नये' हे मत मात्र मी असंच जाऊ दिलं नसतं, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच देव्हाऱ्यात आहे. 1966 मध्ये टेड विल्यम्सना कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात, घेतलं. भाषण छोटं होतं. त्यात त्यांनी कोणी न मागता सांगितलं की सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंनाही इथे जागा मिळायला हवी, त्यांना संधी नाकारली गेली म्हणूनच ते इथे नाहीत. मोठ्या लीगचं दार त्यांच्यासाठी 1947 पर्यंत बंद होतं, आणि गिब्सन तर त्याच वर्षी, दार उघडण्याआधीच वारला होता. 1971 मध्ये पेज आणि 1972 मध्ये गिब्सन, दोघांची नावं तिथे लागली. एका गोऱ्या खेळाडूने आपल्या सत्काराच्या दिवशी तोंड उघडलं, म्हणून त्या मागणीला जोर आला. तुमच्या व्याह्यांना हे भाषण माहीत असणार. त्यांना फक्त इतकंच विचारा, "विल्यम्सनी तेव्हा बोलायला नको होतं का?" आणि पुढचा चेंडू पडेपर्यंत थांबा.

एक जपून. याच विषयात रेड सॉक्सची एक दुखरी जागा आहे. 1945 च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला फेनवेवर चाचणीसाठी बोलावलं होतं, तेही बॉस्टनच्या एका नगरसेवकाने रविवारच्या सामन्यांची परवानगी अडवण्याचा धाक घातल्यावर. चाचणी झाली, पुढे बोलावणं आलं नाही. रॉबिन्सन दोन वर्षांनी ब्रुकलिनकडून खेळला, मोठ्या लीगचं ते बंद दार उघडलं आणि इतिहास घडला. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पंप्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो 1959 मध्ये, सगळ्या संघांच्या शेवटी. व्याही तेव्हा पाच वर्षांचे होते. हा इतिहास तुम्ही काढून त्यांच्यासमोर ठेवू नका. तो त्यांचा आहे, आणि संघावर प्रेम करणाऱ्याला तो सलतो. ते आपणहून बोलले तर ऐकून घ्या.

यावरून मी त्या दुसऱ्या वाक्यावर येते. बाहेरून येणाऱ्यांची गर्दी.

हे कट्ट्यावरचं मत आहे म्हणून सोडून द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमची मुलगी बाहेरून आलेली आहे. उद्या त्या घरात नातवंडं आली तर ती त्याच ओसरीवर खेळतील आणि आजोबांचा प्रत्येक शब्द ऐकतील. व्याह्यांच्या मनात ते बोलताना तुमची मुलगी नसेल, बहुतेक नसेलच. पण तुमच्या मनात ती होती, आणि हे त्यांना कळण्याचा दुसरा मार्ग नाही. मुलीला मध्ये घालू नका, जावयांकडून निरोप पाठवू नका. दोघंच असाल तेव्हा, सामना नसताना, एकदाच आणि साध्या शब्दांत सांगा, "तुम्ही ते म्हणालात तेव्हा मला माझी मुलगी आठवली." एवढं पुरे. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, हे वाक्य अडखळत सांगितलं तर जास्त नीट पोचतं. वाद घालू नका, आकडेवारी काढू नका.

आणि मग त्यांना लुईस टियांटबद्दल विचारा.

टियांट हा क्युबाचा, सत्तरच्या दशकातला रेड सॉक्सचा लाडका पिचर. पिचिंग करताना बॅटरकडे पाठ फिरवून मग वळणारा. 1961 पासून तो मायदेशी जाऊ शकला नव्हता. दोन्ही देशांचं वैर आडवं आलं. आईवडील तिकडे, हा इकडे. त्याचे वडीलही एके काळचे नामांकित पिचर. अमेरिकेत ते कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये खेळले, कारण मोठं दार बंद होतं. 1975 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांनी फिडेल कॅस्ट्रोंना पत्र लिहिलं, सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न क्युबाला जाताना ते घेऊन गेले, आणि कॅस्ट्रोंनी म्हाताऱ्या आईवडिलांना बॉस्टनला जाऊ दिलं. 26 ऑगस्ट 1975 ला फेनवेवर सामन्याचा मानाचा पहिला चेंडू त्या वडिलांनी टाकला. कोट काढून मुलाच्या हातात दिला आणि टाकला. चेंडू खाली गेला. ते त्यांना पटलं नाही, त्यांनी चेंडू परत मागवला आणि पुन्हा टाकला. सगळं मैदान उभं होतं.

तुमचे व्याही तेव्हा एकवीस वर्षांचे. रेड सॉक्सचा एकवीस वर्षांचा चाहता तो दिवस विसरलेला नसणार. मुलाला भेटायला समुद्रापलीकडून आलेल्या बापासाठी टाळ्या वाजवलेल्या लोकांतले ते एक आहेत, आणि आज त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मुलीला भेटायला समुद्रापलीकडून आलेला बाप बसतो. हे तुम्ही त्यांना सांगायची गरज नाही. टियांटची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकून घ्या, बाकीचं त्यांचं ते बघतील. डेव्हिड ऑर्टिझचं नाव तर तेच काढतील. डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेला, 2008 मध्ये बॉस्टनमध्येच अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला आणि 2013 च्या मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर फेनवेवर उभं राहून हे शहर आपलं आहे असं ठणकावून सांगणारा.

तुमच्या पत्रातलं 'मुलीकडच्यांनी पडतं घ्यावं' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. तुमच्या व्याह्यांच्या घरात हा हिशोबच नाही. मानपान, आहेर, आधी कोणी नमस्कार करायचा, यातलं त्यांना काही ठाऊक नाही. तुम्ही पडतं घेताय हे त्यांना दिसतच नाही, त्यांना दिसतो तो न बोलणारा माणूस. आणि सामना लावल्यावर रेडिओजवळची खुर्ची देणं याहून मोठा मान त्यांच्याकडे द्यायला नाही. तो त्यांनी पहिल्या रविवारपासून तुम्हाला दिला आहे.

तेव्हा येत्या रविवारी जा. डोकेदुखीचं पुढे चालवू नका. "त्या दिवशी मला राग आला होता, क्रिकेट माझं फार जिव्हाळ्याचं आहे," असं सरळ सांगा. माफी मागायची गरज नाही, त्यांनी मागावी अशी अपेक्षाही ठेवू नका.

सोबत एक पेन्सिल आणि स्कोअरकार्डचं पुस्तक न्या. खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळेल. हे मी मुद्दाम तुमच्यासाठी सांगते आहे, कारण खतावणी लिहिलेल्या माणसाला यात जो आनंद मिळेल तो दुसऱ्याला मिळणार नाही. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप 6, मग डावीकडून उजवीकडे सीमेजवळचे तिघे 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसला दिला आणि तिथून पहिल्याला गेला, दोन आउट झाले, की चौकटीत लिहायचं 6-4-3. स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकवर बाद, झाला की K, हाही त्या चॅडविकच्या काळापासून चालत आलेला. वूस्टरच्या बाईंनी मला जे पहिलं पान लिहायला लावलं, ते इतकं खोडलेलं होतं की कागद फाटला. तिसऱ्या आठवड्यात मात्र सामना संपल्यावर आमच्या दोघींची पानं ओळीला ओळ जुळली. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा त्यांच्या नवऱ्याबद्दल सांगितलं.

पान लिहायला लागलात की बोलणं शोधावं लागत नाही. हा आउट कोणाच्या खात्यावर? तो एरर, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक, होता की हिट? यावर व्याह्यांचं मत असणार, आणि आता तुमचंही असेल, कारण तुम्ही तो चेंडू ऐकून लिहिलेला असेल. मतभेद झाला तर भांडा. मान हलवणं तेवढं बंद करा.

सप्टेंबर उजाडेपर्यंत तुमची दोन पुस्तकं भरतील. तेव्हा एखाद्या संथ सामन्याच्या मधल्या इनिंगला त्यांना विचारा की 27 ऑक्टोबर 2004 च्या रात्री ते कुठे होते. रेड सॉक्स त्याआधी 1918 मध्ये जिंकले होते. 1946, 1967, 1975 आणि 1986 मध्ये अंतिम मालिकेत पोचून चारही वेळा सातव्या सामन्यात हरले. 2004 मध्ये यँकीजविरुद्ध 0-3 असे मागे पडून सलग चार सामने जिंकले, आणि पुढे सेंट लुईसमध्ये चंद्रग्रहणाच्या रात्री अंतिम मालिका चार सामन्यांत खिशात घातली. त्यानंतर न्यू इंग्लंडमधली माणसं दफनभूमीत जाऊन बापाच्या, आजोबांच्या थडग्यावर संघाची टोपी आणि वर्तमानपत्र ठेवून आली. शहाऐंशी वर्षांत किती जण वाट बघत गेले होते. तुमच्या व्याह्यांचे वडील तेव्हा होते की नव्हते, मला माहीत नाही. ते सांगतील. रेडिओचा आवाज कमी करतील आणि सांगतील.

त्यांचं सांगून झालं की 25 जून 1983 च्या रात्री तुम्ही कुठे होतात, कोणाच्या घरी रेडिओ किंवा टीव्ही होता आणि शेजारी कोण बसलं होतं, ते त्यांना सांगा.